मीटरचा लाल दिवा मोजणारी सून

मागच्या वर्षी मे महिन्याचं लाईट बिल आलं तेव्हा घरातले सगळे आधी माझ्याकडं बघायला लागले. कारण सरळ होतं, नवरा सकाळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जातो तो संध्याकाळी येतो, लेक शाळेत, बाबा म्हणजे सासरे दुपारी व्हरांड्यात, आणि मी घरात बसून कंपनीचं काम करते म्हणून दिवसभर पंखा, कॉम्प्युटर, कधी एसी. ५१२ युनिट. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, घरगुती बिलाला टप्पे असतात, पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत महाग, मग ५०० पर्यंत अजून महाग आणि त्याच्या पुढं सगळ्यात महाग, म्हणजे तुमचं शेवटचं युनिट सगळ्यात जास्त चावतं. आणि त्यातलं एक वाईट एक चांगलं, कमी करायला गेलं की पण तेच महागडे युनिट आधी जातात.

तर मी ठरवलं की आपण घर स्मार्ट करायचं. ऑफिसात एक मुलगा सारखं सांगायचा, दीदी ऑटोमेशन कर, बिल अर्धं होतं. मी उत्साहात मोबाइलवरनं चालू-बंद होणारे चार स्मार्ट प्लग, सहा रंगीत स्मार्ट बल्ब आणि एक बोलणारा डबा, म्हणजे आवाजी हुकूम ऐकणारा स्मार्ट स्पीकर, मागवला. लेकीला मजा आली, बैठकीत जांभळा उजेड, आई म्हणजे सासूबाई म्हणाल्या हे काय ऑर्केस्ट्रा लावलायस का. जूनमध्ये पाऊस पडला, बिल खाली आलं, मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा कमी झालं. मग जुलैचं बिल आल्यावर शहाणपणा म्हणून मागच्या वर्षीच्या जुलैचं बिल काढून शेजारी ठेवलं. चार युनिट जास्त!

नंतर डोकं लावलं तेव्हा कळलं. आधी ९ वॉटचा साधा एलईडी होता तिथं मी ९ वॉटचा रंगीत एलईडी लावला, वाचणार काय कप्पाळ. उलट स्मार्ट बल्ब बंद असला तरी आतलं वायफाय जागं असतं, ते साधारण अर्धा वॉट खातं, सहा बल्बांचे तीन वॉट, बोलणाऱ्या डब्याचे दोन, महिनाभर चोवीस तास, झाले की साडेतीन युनिट. म्हणजे बिल कमी करायला आणलेल्या वस्तूच बिल वाढवत होत्या.

खरं शिक्षण मला आमच्या वायरमन मामांनी दिलं. ते व्हरांड्यातल्या बोर्डचं बटण बदलायला आले होते, माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाले, "म्याडम, कुठं काय जळलालंय ते आधी बघा की, मग मशिन घ्या." आणि मला मीटरपाशी घेऊन गेले. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, सगळ्यांनी बघितलेला असतो पण कोणी वाचलेला नसतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आमच्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असू शकतो, तो बघून घ्या. आता गणित सोपं आहे, एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर, तासाचे ३६०० सेकंद धरून ३६ लाख, ते भागिले ३२०० म्हणजे ११२५, आणि दोन लुकलुकण्यांच्या मध्ये जेवढे सेकंद जातात त्यानं ११२५ ला भागायचं, की त्या क्षणाला घर किती वॉट खातंय ते कळतं. दर सेकंदाला एकदा लुकलुकला तर ११२५ वॉट, दहा सेकंदांनी एकदा तर ११२ वॉट. एक पैसा खर्च नाही. मी इतकी वर्षं इंजिनिअर म्हणवून घेते आणि हे मला वायरमन मामांनी शिकवलं, असो.

त्या रात्री पाऊस पडून गार झालेलं, पंखे नको होते, म्हणून सगळे झोपल्यावर मी घरातलं सगळं बंद केलं. दिवे बंद, पंखे बंद, एसीची एमसीबी खाली, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला. आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरपाशी खुर्ची टाकून बसले. आता दिवा लुकलुकायला काही कारणच नव्हतं. पण तो दर नऊ सेकंदांनी लुकलुकत होता. १२५ वॉट! सगळं बंद असताना! आई पाण्याला उठल्या, अंधारात मला मीटरपुढं बसलेलं बघून घाबरल्या. "काय करलालीस गं इथं?" म्हटलं चोर शोधतीय. त्या अजूनच घाबरल्या.

मग एकेक काढत गेले. टीव्ही आणि त्याचा सेट टॉप बॉक्स मिळून १२ वॉट, टीव्ही रिमोटनं बंद केला की आपल्याला वाटतं बंद झाला पण बॉक्स गरमच असतो, हात लावून बघा. राउटर ९. माझ्या कॉम्प्युटरचा कोपरा, म्हणजे यूपीएस, स्पीकर, मॉनिटर असं सगळं झोपलेलं असताना १७. हे सगळं काढलं तरी दिवा तेरा सेकंदांनी लुकलुकतोच. ८७ वॉट अजून कुठंतरी जात होते. डोअरबेल? चार्जर? पाण्याचा फिल्टर? ते सगळं चिल्लर. शेवटी जिन्याखाली इन्व्हर्टर होता त्याचा मेनचा प्लग काढला, आणि परत स्टॉपवॉच लावलं. दहा सेकंद गेले, तीस गेले, एक मिनिट गेलं, मला वाटलं मीटरच बंद पडलं की काय. दोन मिनिटं झाली तेव्हा एकदा लुकलुकला.

इन्व्हर्टर एकटा ७८ वॉट खात होता. लाईट गेलेली नसताना, काही न करता. बॅटरी पाच वर्षांची, आतून खलास झालेली, ती कितीही चार्ज केली तरी पूर्ण भरतच नव्हती आणि बिचारा इन्व्हर्टर रात्रंदिवस तिला पाजत बसला होता, ती करंट उष्णतेत घालवत होती. खुणा सगळ्या समोर होत्या, दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं, बॅटरीला हात लावला की कोमट लागायची, लाईट गेली की पंधरा मिनिटांत पीं पीं सुरू. आम्ही म्हणायचो सोलापूरचं ऊन, बॅटरी तापणारच. ७८ वॉट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, ५६ युनिट. महिन्याला. किती महिने चाललं असेल ते मी मोजलं नाही, मोजायची इच्छा झाली नाही. जुनी देऊन नवीन बॅटरी घेतली, आता भरल्यावर इन्व्हर्टर १२ वॉटवर शांत बसतो.

तर हे झालं ऑटोमेशन न करता. पण रोज रात्री मीटरपुढं स्टॉपवॉच घेऊन कोण बसणार, म्हणून मग मी खऱ्या अर्थानं मशिनकडं वळले, ह्यावेळी दिवे रंगवायला नाही, मोजायला. पीझेम नावाचं एक छोटं मॉड्यूल मिळतं, पीझेम ००४टी, त्याला एक गोल चिमटा असतो तो मेन लाईनच्या वायरभोवती बसतो, वायर कापायची नाही, आणि ते व्होल्टेज, करंट, वॉट, युनिट सगळं मोजतं. त्याला ईएसपी८२६६ ची वायफाय चिप जोडली की आकडे घरातल्या कॉम्प्युटरवर येतात. मेन बोर्डच्या आतलं काम मात्र वायरमन मामांनी केलं, मी टॉर्च धरला. हे मुद्दाम लिहितीय, व्हिडिओ बघून मेन बोर्डात हात घालू नका.

आकडे गोळा करायला होम असिस्टंट नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, २०१३ पासून जगभरची माणसं मिळून बनवतात ते. टाकलं कशावर, तर पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर. काटकसर! आठवडाभरानं आलेखात बघते तर रात्रीचा आकडा परत वर. शोधलं तर तो लॅपटॉपच २५ वॉट, महिन्याला १८ युनिट. वीज वाचवायला ठेवलेला पहारेकरीच गोदामातलं धान्य खात होता. मग रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला, तो चारेक वॉटमध्ये तेच काम करतो.

आलेख दिसायला लागला की माणसाला व्यसन लागतं हे कबूल करते. मला रात्री मध्येच एक डोंगर दिसायचा, पंधरा-वीस मिनिटं दीडशे-पावणेदोनशे वॉट जास्त, मग परत खाली. रोज वेळ थोडी पुढं सरकलेली. नवरा म्हणाला शेजाऱ्यांनी आपल्या लाईनवर वायर टाकली असणार. मी दोन रात्री व्हरांड्यात जाऊन वायरी बघितल्या, चक्क. शेवटी फ्रिजला मोजणारा प्लग लावला तेव्हा कळलं, फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायला आत एक हीटर असतो, तो काही तासांनी थोडा वेळ आपोआप लागतो. शेजारच्या काकूंना हे कधीच सांगू नका.

आता मोटर. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-चार पाच-पाच दिवसांनी येतं, सोलापूरकराला ह्याच्यावर वेगळं सांगायची गरज नाही. नळाचं पाणी खालच्या हौदात, हौदातनं एक एचपीच्या मोटरनं वरच्या टाकीत. मोटर चालू करून आई देवपूजेला बसायच्या आणि पाणी गच्चीवरनं धो धो. एकदा पाणी खाली पाटलांच्या स्कूटरवर, आता मी पाटील म्हणतीय पण नाव वेगळं आहे. मी काय केलं, १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग मोटरला लावला, टाकीत पाण्यावर तरंगणारा फ्लोट टाकला, टाकी भरली की मोटर बंद. दोन महिने सुंदर चाललं. मग एका पहाटे सहाला पाटील काकूंची हाक, "अहो पाणी!!" मोबाइल बघितला, ॲपवर मोटर बंद. गच्चीवर गेले, मोटरचा आवाज चालू. परत ॲपमध्ये चालू-बंद चालू-बंद केलं, काही नाही. डोळ्यांपुढं ऑफ लिहिलंय आणि कानात मोटर वाजतीय, अशा वेळी माणूस ॲपवरच विश्वास ठेवतो हे विशेष, मी तीन मिनिटं वायफायला शिव्या देत होते. मग मेनचा आलेख उघडला, ९४० वॉट. मोटरच ती. ॲप खोटं बोलू शकतं, वॉट बोलत नाही.

झालं काय होतं, मोटर चालताना साडेचार अँपिअर घेते खरी पण सुरू होण्याच्या क्षणाला त्याच्या पाच-सहा पट ओढते, आणि प्लगच्या आतल्या रिलेचे, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या बटणाचे, नाजूक संपर्क त्या ठिणगीनं एकमेकांना चिकटून बसले, वेल्डिंग झालं अगदी. मग कितीही बंद म्हणा. वायरमन मामा हसले, म्हणाले मोटरला कॉन्टॅक्टर, म्हणजे जड भार पेलणारा मोठा रिले, लागतो हे कुठल्या पण शेतकऱ्याला विचारा. आता स्मार्ट रिले फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला करंट देतो आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. हेच गिझरला, तो २००० वॉटचा, जवळजवळ ९ अँपिअर, त्याला १० अँपिअरचा प्लग लावून तासभर चालवला तर प्लास्टिक पिवळं पडतं, १६ चाच घ्या.

मोटरचा अजून एक फायदा झाला. हौद रिकामा झाला की मोटर हवा ओढते आणि वॉट कमी होतात, ९४० चे साडेसहाशे. म्हणून नियम टाकला, मोटर चालू आहे आणि वीस सेकंद ७०० च्या खाली आहे तर बंद कर. वेगळा सेन्सर नाही, काही नाही. खरं सांगायचं तर मोटरच्या ह्या सगळ्या उद्योगात वीज फार नाही वाचली, महिन्याला तीन-चार युनिट असतील, पण पाणी वाचलं आणि आमच्याकडं पाण्याची किंमत युनिटमध्ये मोजत नाहीत.

बिघाडांचं लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही, पण सगळ्यात जास्त छळलेले सांगते. पहिला, लाईट जाऊन आली की अर्धं घर ऑफलाइन. कारण लाईट आली की प्लग पाच सेकंदांत उठतात, राउटरला उठायला दोन मिनिटं लागतात, प्लग हाका मारून मारून थकतात आणि काही तर रुसून परत नवीन असल्यासारखे जोडणी मागायला लागतात. त्यावर उपाय सोपा, राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, आता राउटर झोपतच नाही. दुसरा, प्लगचे पत्ते बदलायचे, म्हणजे राउटर लाईट आल्यावर सगळ्यांना नवीन आयपी वाटायचा आणि माझे नियम गिझर समजून टीव्हीला आज्ञा द्यायचे. राउटरमध्ये जाऊन प्रत्येकाचा आयपी कायमचा बांधून टाकला. तिसरा, ह्या स्वस्त वस्तू वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलतात, राउटरनं २.४ आणि ५ ला एकच नाव दिलेलं असेल तर जोडताना गोंधळ होतो, नावं वेगळी केली की संपलं.

चौथा खतरनाक. प्लगमध्ये एक सेटिंग असतं, लाईट परत आल्यावर चालू व्हायचं, बंद राहायचं की आधी होतं तसं. माझ्या गिझरचं होतं चालू. आम्ही सगळे जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गेलो, मागं लाईट जाऊन आली, आणि गिझर रिकाम्या घरात संध्याकाळपर्यंत पाणी तापवत, गार होऊ देत, परत तापवत बसला. आत थर्मोस्टॅट असतो म्हणून धोका नाही झाला, पण आलेखात डोंगररांग दिसली. गिझर, इस्त्री, मोटर ह्यांचं सेटिंग कायम बंद, हे आत्ता उठून तपासा.

दाराचे छोटे सेन्सर झिगबी नावाच्या, वायफायसारख्याच बिनतारी पद्धतीवर चालतात, ते रोज एकेक गायब व्हायचे. आठवडा गेला त्यात. शेवटी निघालं काय, झिगबीचा डोंगल, म्हणजे सेन्सरांचं ऐकणारी यूएसबी कांडी, मी रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी भोकात थेट खुपसला होता, ते यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट करतं आणि झिगबीपण तिथंच बोलतं, म्हणजे मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढं उभं राहून फोनवर बोलायचं. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब नेला, तेव्हापासून एकपण सेन्सर हरवला नाही.

आणि सगळ्यात मोठा बिघाड म्हणजे आई. त्या झोपायच्या आधी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करतात, चाळीस वर्षांची सवय. बटणच बंद केलं की स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग सगळे मेले, सकाळचा गिझर लागायचाच नाही. मी बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या, त्यांनी त्या सोलून काढल्या. वाद झाला थोडा. नंतर माझ्या लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे, मी सांगतीय रात्री सेट टॉप बॉक्स आपोआप बंद करायला ऑटोमेशन पाहिजे आणि ती बाई ते गेली चाळीस वर्षं हातानं करतीय. मग मी बल्ब सगळे काढून साधे लावले आणि जिथं पाहिजे तिथं बटणाच्या मागं बोर्डात छोटा रिले बसवून घेतला, त्याला न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची वायर, लागतो, आमच्या बोर्डात सॉकेट असल्यामुळं तो होताच. आता भिंतीवरचं बटण दाबा नाहीतर मोबाइल दाबा, दोन्ही चालतं. ज्या घरात साध्या बटणानं दिवा लागत नाही ते घर स्मार्ट नाही, बंद पडलेलं आहे, हे माझं स्पष्ट मत झालंय. तसंच सगळं घरातल्या घरात चालतं, बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर काही ठेवलं नाही, कारण एका संध्याकाळी एका कंपनीचा सर्व्हर बसला आणि आम्ही अंधारात त्या डब्याला विनवण्या करत होतो.

आता उन्हाळा. इथं खरा खेळ आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, रात्री नऊला स्लॅबला खालनं हात लावला तर तवा. नवीन एसी चालू केला की आधी २४ डिग्रीवरच लागतो, तो नियम केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं जानेवारी २०२० पासून केलाय, आणि त्यांचंच म्हणणं की एकेक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते. आमच्याकडं एसी १८ वर लावून वर रग घ्यायची पद्धत होती, सोलापुरी चादर आहे तर वापरायला कारण पाहिजे ना. मी एसीसाठी इन्फ्रारेडचा डबा लावला जो रिमोटसारखं काम करतो. झोपताना २५, रात्री एक वाजता २६, पहाटे चारला २७, साडेपाचला बंद आणि पंखा चालू. दार तीन मिनिटं उघडं राहिलं तर एसी बंद, त्यावर लेकीचा निषेध आहे. बेडरूम आणि बैठकीतले दोन जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले, जुना ७५ वॉट खायचा, हा पूर्ण वेगात ३०, चौदा तास चालला तर एका पंख्यामागं महिन्याला एकोणीस युनिट वाचतात. त्याला जुना रेग्युलेटर ठेवू नका, तो वायरमनकडनं काढून घ्या, नाहीतर पंखा गुरगुरतो आणि लवकर जातो.

पण दुपारी एसी नाही, कूलर. आपली हवा मे महिन्यात कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं वाळतं म्हणून कूलर जबरदस्त चालतो, दोनशे वॉटच्या आत, एसीच्या दीड हजारापुढं काहीच नाही. मुंबईची मावशी म्हणते कूलरनं चिकचिक होतं, अगं तुझ्याकडं होणार, तुझ्याकडं समुद्र आहे. मी खोलीत आर्द्रतेचा सेन्सर ठेवला आणि नियम केला, ४० टक्क्यांच्या खाली कूलर, वर गेली की मोबाइलवर सांग की आता कूलर बंद करा. मे अखेर वळवाचे ढग आले की तो आकडा उड्या मारतो आणि कूलर लावून उलट घाम येतो, ते आधी आमच्या अंगाला कळायचं, आता आकड्याला पण कळतं.

अडचण अशी की कूलर वीज वाचवतो आणि पाणी पितो. आमचा दिवसाला पन्नासेक लिटर. पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात अडीचशे लिटर नुसती हवा गार करायला. ह्यावर घरात रीतसर बैठक झाली. बाबा म्हणाले लाईट विकत मिळते, पाणी मिळत नाही. मी म्हटलं टँकर मिळतो. ते म्हणाले तेच म्हणतोय. शेवटी तडजोड, हौदात अर्ध्याच्या वर पाणी असेल तरच कूलर, नाहीतर एसी २७ वर आणि पंखा. हौदाच्या झाकणाला खालनं अंतर मोजणारा सेन्सर लावलाय, तो पाण्याची उंची एमक्यूटीटीवरनं होम असिस्टंटला कळवतो. ही एमक्यूटीटी म्हणजे निरोप पोचवायची पद्धत, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला बनवलेली, आणि आमच्याकडं ती हौदात किती कळशा उरल्या ते सांगते. गच्चीला मार्चमध्येच चुना मारून पांढरी केली, त्यानं छताखालचं तापमान संध्याकाळी तीन-चार डिग्रीनं उतरलेलं सेन्सरवर दिसलं. आई म्हणाल्या त्यांच्या माहेरी माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या छताचं, घर होतं, त्यात दुपारी गोधडी लागायची, सेन्सर नव्हता तरी.

ह्या मे महिन्याचं बिल ३४६ युनिट आलं. ५१२ चं ३४६. नवऱ्यानं लगेच स्टेटस ठेवला, बायकोनं घर स्मार्ट केलं. मी रात्री हिशोब काढला, ४८ गेले बॅटरीमुळं, ३८ पंख्यांमुळं, साठेक एसी-कूलरच्या नियमांमुळं आणि चुन्यामुळं, आणि बाकी रात्री झोपलेल्या वस्तू बंद करण्यामुळं. म्हणजे जास्तीत जास्त श्रेय बॅटरीच्या दुकानाला, पंख्याला आणि चुन्याच्या बादलीला आहे, मशिननं मुख्यतः बोट दाखवलं. त्या मशिनवर खर्च किती झाला हे नवऱ्याला अजून पूर्ण माहीत नाही, आणि तो हा ब्लॉग वाचत नाही.

आता मामा त्यांच्या ओळखीतल्या लोकांना माझ्याकडं पाठवायला लागलेत, "त्या लाल दिवा मोजणाऱ्या म्याडम". परवा विडी घरकुल वस्तीतनं एकजण आले, बिल जास्त येतंय म्हणून, मी त्यांना एवढंच सांगितलं की रात्री मेन सोडून सगळं बंद करा आणि सेकंद मोजा. त्यांनी फोन केला, फ्रिजच्या दाराचं रबर फाटलंय, फ्रिज थांबतच नाही. रबर बदलायला मशिन लागत नाही.

पुढच्या वेळी सोलरबद्दल लिहायचं आहे, तीन किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि आमच्या गच्चीवर ऊन तर फुकट आहे, पण त्यासाठी आधी बाबांना पापड वाळवायची जागा कुठं राहील ते समजवावं लागेल. अजून नळावर एक सेन्सर लावलाय, पाणी आलं की मोबाइलवर निरोप येतो, कारण पाणी कधी पहाटे चारला येतं कधी रात्री अकराला. त्याची मला फार ऐट होती, पण

थांबा, आईंची हाक आली, "पाणी येऊलालंय गं, मोटर बघ!" त्यांना नळातला फुस्स आवाज आधी ऐकू येतो. मोबाइल आत्ता वाजला, चाळीस सेकंद उशिरा. चला, हौदाचं झाकण उघडायचंय.